बेदाणा शेडमधले दहा इंची नेटबुक: हलके लिनक्स निवडताना काय पाहिले, काय टाळले

तासगाव तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदाराच्या घरातले हे प्रकरण. यंत्र २०११ सालच्या सुमाराचे: १०.१ इंची पडदा, इंटेल ॲटम एन५७० प्रोसेसर, १ जीबी डीडीआर३ रॅम, २५० जीबीची फिरती हार्ड डिस्क, वर विंडोज ७ स्टार्टर. दोन वर्षे ते बेदाणा शेडमधल्या कपाटात पडून होते. घरात दुसरा संगणक नाही, मोबाईल तीन आहेत. फळछाटणी तोंडावर आली तेव्हा फवारणीच्या नोंदी वहीतून शीटमध्ये घ्यायचे ठरले. निर्यातीचा माल द्यायचा तर औषधाचे नाव, त्यातला घटक, लिटरला मात्रा, फवारणीची तारीख आणि काढणीपूर्व कालावधी (फवारणीनंतर किती दिवस माल तोडायचा नाही) हे सगळे एका तक्त्यात हवे असते, आणि मोबाईलच्या पडद्यावर असा तक्ता भरणे म्हणजे डोळ्यांना शिक्षा. नवा लॅपटॉप यंदा घ्यायचा नव्हता. खर्चाची मर्यादा ठरली २,५०० रुपये.

विंडोज ठेवण्यात अर्थ नव्हता. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला, आणि त्यावर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९. विंडोज १० चा नेहमीचा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. शिवाय ते या ॲटमवर आधीच धापा टाकते. म्हणजे लिनक्सच. पण ‘सगळ्यात हलके लिनक्स कोणते?’ हा प्रश्न लोक पहिला विचारतात, तो इथे चौथा ठेवला. आधी कामे, मग यंत्राची तब्येत, मग पैसे कुठे घालायचे, आणि त्यानंतर डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा कोणता तयार संच घ्यायचा ते.

कामे कोणती

घरच्यांशी बसून यादी केली. फवारणीचे शीट, तीन-चारशे ओळींचे. सातबारा आणि ८-अ उतरवून छापणे. महाडीबीटीवर अर्ज. अकरावीतल्या मुलीच्या पीडीएफ नोट्स आणि यूट्यूबवरचे तास. मराठीत अर्ज आणि पत्रे. ही बहुतेक घरातल्या बाई लिहितात, त्यांनी इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांची प्रमाण कीबोर्ड मांडणी) शिकलेले आहे. जुनी पत्रे श्री-लिपीच्या (युनिकोड नसलेल्या, जुन्या पद्धतीच्या) फॉन्टमध्ये आहेत, तीही उघडली पाहिजेत.

यादीतून काही गोष्टी आधीच काढून टाकल्या. व्हॉट्सॲप वेब नको, ते मोबाईलवरच राहू दे. रॅम वाढवली तरी या यंत्रात दोन जीबीच होणार, आणि तेवढ्यात तो एकच टॅब बाकीच्यांच्या ताटातले ओढतो. व्हिडिओ कॉल नको. टॅलीचा हिशेब तसाही सल्लागाराकडे होतो. हे आधी स्पष्ट बोलून घेणे फार महत्त्वाचे असते. लिनक्स टाकल्यावर ‘हे चालत नाही, ते चालत नाही’ अशी जी कुरकुर होते, तिच्यातली निम्मी यंत्राची असते, लिनक्सची नसते.

यंत्राची तब्येत

(आज्ञांची नावे इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये ती इंग्रजी छोट्या अक्षरांत टाकायची.)

पेन ड्राइव्हवरून एक लाइव्ह लिनक्स चालू केले, डिस्कला हात न लावता. ‘एलएससीपीयू’ने दाखवले: दोन कोअर, चार थ्रेड, १.६६ गिगाहर्ट्झ, आणि ३२ व ६४ बिट दोन्ही चालतात. ही ओळ आज निर्णायक आहे. डेबियन १३ ने ३२ बिट यंत्रांसाठी इन्स्टॉलर देणे बंद केले, आणि फायरफॉक्सने आवृत्ती १४५ पासून लिनक्सवरची ३२ बिट बांधणी थांबवली. ३२ बिट प्रणाली रॅम थोडी कमी खाते हे खरे, पण पुढच्या दोन वर्षांत ब्राउझरच मिळणार नसेल तर त्या बचतीचे करायचे काय? २००८-०९ चे ॲटम एन२७० असलेले नेटबुक असते तर तो ३२ बिटचाच प्रोसेसर, आणि सल्ला वेगळा दिला असता: इंटरनेटशिवायच्या कामाला ठेवा.

हार्ड डिस्क ‘स्मार्टसीटीएल’ने तपासली. १९७ क्रमांकाच्या ओळीत, म्हणजे वाचायला नकार देणाऱ्या पण अजून बदलल्या न गेलेल्या सेक्टरच्या ओळीत, शून्याऐवजी २४ आकडा. अशा डिस्कवर कितीही हलकी प्रणाली टाका, ती मधेच तीस-तीस सेकंद अडकणार, कारण डिस्क तोच सेक्टर पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करत राहते. डिस्क बाद. त्याआधी तिच्यावरचे फोटो, पत्रे आणि विंडोजच्या फॉन्टच्या फोल्डरातले श्री-लिपीचे फॉन्ट बाहेरच्या डिस्कवर काढून घेतले. फॉन्टचे लोक हमखास विसरतात. विंडोज पुसले की ते फॉन्ट गेले, आणि जुनी पत्रे उघडल्यावर अक्षरांच्या जागी इंग्रजी चिन्हांचा कचरा दिसतो.

रॅमची चाचणी ‘मेमटेस्ट’ने रात्रभर लावली. सकाळी पडद्यावर लाल ओळी. इथे घाईने रॅम बाद केली असती तर चूक झाली असती. पट्टी काढली तर सोनेरी पट्ट्यांच्या कडेला आणि स्लॉटच्या पिनांवर काळपट थर. बेदाणा पिवळा राहावा म्हणून शेडमध्ये गंधकाची धुरी देतात. तो वायू आणि दमट हवा एकत्र आली की तांब्या-चांदीवर काळा थर धरतो, आणि सोन्याचा मुलामा झिजलेला असेल तर आतल्या धातूपर्यंत पोचतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ ब्रशने स्लॉटमध्ये फिरवले, पट्टीच्या कडा कोरड्या कापडाने पुसल्या, अर्धा तास वाळू दिले. पुन्हा चाचणी: दोन पूर्ण फेऱ्या, एकही चूक नाही. दोष पट्टीत नव्हता, संपर्कात होता. नवी पट्टी तशीच खोचली असती तर तिनेही चुका दाखवल्या असत्या आणि दुकानदाराशी वाद झाला असता. पंख्यातली धूळ काढून प्रोसेसरची थर्मल पेस्टही याच वेळी बदलली.

बॅटरी गेलेली. मदरबोर्डवरचा घड्याळाचा सेलही गेलेला: प्लग काढला की तारीख २०११ वर जाते. याचा त्रास पुढे झालाच.

पैसे कुठे गेले

१२० जीबीची साटा एसएसडी आणि २ जीबीची डीडीआर३ रॅम. दुसरे काही नाही. या ॲटमला रॅमची कमाल मर्यादाच २ जीबी आहे आणि स्लॉट एक, त्यामुळे ४ जीबीची पट्टी घेऊन उपयोग नाही. वापरलेली पट्टी घेताना तिच्यावरच्या काळ्या चिप मोजल्या. जुन्या मेमरी कंट्रोलरला कमी घनतेच्या चिप लागतात. दोन जीबी जर चारच मोठ्या चिपमध्ये बसवले असतील तर यंत्र ती पट्टी ओळखेलच असे नाही. आठ किंवा सोळा चिपवाली घ्यावी. एसएसडी ७ मिलिमीटर जाडीची आणि जुन्या डिस्कची खोबण ९.५ ची, म्हणून सोबत येणारी प्लास्टिकची चौकट लावली; नाही तर कनेक्टर हलत राहतो. बायोसमध्ये (यंत्राच्या मूळ सेटिंगच्या पडद्यात) साटाची, म्हणजे डिस्कच्या जोडणीची, पद्धत एएचसीआय ठेवली.

हे दोन भाग म्हणजे या प्रकरणातला सगळ्यात मोठा फरक. पडद्यावरचा डेस्कटॉप कोणता, यापेक्षा कितीतरी मोठा.

डिस्ट्रोची निवड

लाइव्ह पेन ड्राइव्हवरून चार पर्याय याच यंत्रावर चालवून पाहिले. प्रत्येकात लॉगिननंतर दोन मिनिटे थांबून ‘फ्री’ आज्ञेने रॅम मोजली, मग तेच सरकारी पोर्टल उघडून पुन्हा मोजली.

लिनक्स मिंट एक्सएफसीई सगळ्यात समजायला सोपे. नवख्या माणसाला हातात द्यायचे तर आमची पहिली पसंती हीच. पण २ जीबी ही त्याची किमान अट आहे, आणि काही उघडण्याआधीच रॅम सातशे एमबीच्या आसपास भरते. शिवाय पडदा १०२४ बाय ६००. मिंटच्या कित्येक खिडक्यांची ‘ओके’ बटणे पडद्याच्या खाली जातात. ऑल्ट दाबून खिडकी माउसने वर ओढता येते, पण रोज कोण ओढत बसेल?

लुबुंटू हलके आहे, एलएक्सक्यूटी या हलक्या डेस्कटॉपवर चालते. अडचण दोन ठिकाणी. त्यात फायरफॉक्स स्नॅप स्वरूपात (सोबत लागणारे सगळे एकाच गठ्ठ्यात बांधून) येतो, आणि अशा प्रोसेसरवर सुरू केल्यानंतर पहिल्यांदा उघडताना बराच वेळ घेतो. आणि दीर्घ आधाराच्या आवृत्तीलाही आधार तीन वर्षांचाच. २४.०४ घेतले तर एप्रिल २०२७ ला पुन्हा सगळे काढून बसायचे. या घरात संगणक जाणणारे कोणी नाही. दर दोन-तीन वर्षांनी कोणाला तरी बोलवायला लागावे अशी व्यवस्था आम्हाला पटत नाही.

अँटीएक्स खरोखर हलके. आइसडब्ल्यूएम या छोट्या विंडो मॅनेजरवर (खिडक्या मांडणाऱ्या प्रोग्रॅमवर) दोनशे एमबीच्या आसपास बसते, आणि १ जीबीवरच राहायचे असते तर डोळे झाकून हेच निवडले असते. मग का नाही घेतले? त्याचा मेनू म्हणजे गच्च भरलेले दुकान. एकाच कामाला तीन-तीन प्रोग्रॅम, लॉगिनच्या वेळी निरनिराळे विंडो मॅनेजर. जाणकाराला ती मुभा वाटते, पण चुकून दुसरे निवडले की घरच्यांना वाटते यंत्र बिघडले.

पपी लिनक्सही पाहिले. ते रॅममध्ये चालते, वेगवान वाटते. पण बंद करताना बदल साठवते आणि बॅटरी नसलेल्या यंत्रात वीज गेली की त्या वेळेपर्यंतचे काम जायची भीती. खेडेगावात वीज कधी जाईल याचा नेम नाही. म्हणून पपी फक्त दुरुस्तीच्या पेन ड्राइव्हवर.

ठरले ते डेबियन १३, ६४ बिट, त्यावर एलएक्सक्यूटीचा फक्त गाभा. ९ ऑगस्ट २०२५ ला आलेली ही आवृत्ती. दीर्घ आधार जून २०३० पर्यंत. लॉगिननंतर पावणेचारशे एमबीच्या आसपास. अँटीएक्सपेक्षा पावणेदोनशे एमबी जास्त आहे, हे मान्य. पण जाहिरातींनी भरलेले एखादे बातम्यांचे संकेतस्थळ जाहिराती अडवून आणि न अडवता उघडून पाहा. तिथला फरक यापेक्षा मोठा निघतो. पावणेदोनशे एमबी देऊन पाच वर्षांची निश्चिंती आणि एकच साधा मेनू मिळत असेल तर तो सौदा चांगला आहे, असे आमचे ठाम मत आहे.

इन्स्टॉल करताना

नेटइन्स्ट प्रतिमा (बाकीचे नेटवरून उतरवणारी इन्स्टॉलरची फाइल) सुमारे ८०० एमबीची. ती पेन ड्राइव्हवर लिहिली, बायोसमध्ये यूएसबी पहिल्या क्रमांकावर आणली. ग्राफिकलऐवजी साधा मजकुरी इन्स्टॉलर घेतला. देश भारत, भाषा इंग्रजी. रूटचा, म्हणजे मुख्य प्रशासकाचा, पासवर्ड रिकामा सोडला की पहिल्या वापरकर्त्याला आपोआप ‘सुडो’चा, म्हणजे प्रशासकाची कामे करण्याचा, अधिकार मिळतो; घरगुती यंत्रात एकच पासवर्ड लक्षात ठेवावा लागतो. विभागणी हाताने: २ जीबी स्वॅप (रॅम अपुरी पडली की वापरायची डिस्कवरची जागा), बाकी सगळे ईएक्सटी४ या लिनक्सच्या नेहमीच्या फाइल पद्धतीत.

सॉफ्टवेअर निवडीच्या पडद्यावर डेस्कटॉपची आणि ग्नोमची खूण काढली, फक्त मूलभूत साधनांची ठेवली. त्यामुळे रीबूट झाल्यावर काळा पडदा आणि लॉगिनची ओळ येते. घाबरायचे कारण नाही. तिथून ‘एपीटी’ने (डेबियनच्या सॉफ्टवेअर उतरवणाऱ्या आज्ञेने), शिफारशीची पॅकेजे न घेण्याचा पर्याय लावून, झॉर्ग, एलएक्सक्यूटी-कोअर, ओपनबॉक्स, लाइटडीएम, नेटवर्क मॅनेजर आणि त्याचे ट्रेमधले चिन्ह, फायरफॉक्स ईएसआर, लिबरऑफिसचे फक्त रायटर आणि कॅल्क, क्यूपीडीएफव्ह्यू एवढेच घेतले.

शिफारशी टाळल्या की रॅम वाचते, पण तीन गोष्टी हळूच गळतात. आयकॉनचा संच येत नाही, मेनूत रिकामे चौकोन दिसतात. पापिरस किंवा ब्रीझचा संच वेगळा घ्यावा लागतो. मोबाईल केबलने जोडला तर दिसत नाही, त्यासाठी जीव्हीएफएस-बॅकएंड्स. आणि फायरफॉक्समध्ये एच.२६४ व्हिडिओ चालत नाही, कारण त्याला लागणारी एफएफएमपेगची लायब्ररी शिफारशीतच असते. तिन्ही नंतर घातल्या.

मग मुलीची हाक आली: “पप्पा, नेटचं चिन्हच दिसंना झालंय.” चिन्ह होते, पण नेटवर्क मॅनेजर वायफायला हात लावत नव्हता. कारण असे: इन्स्टॉलरने वायफायचे नाव आणि पासवर्ड ईटीसी फोल्डरमधल्या नेटवर्कच्या ‘इंटरफेसेस’ फाइलमध्ये लिहून ठेवलेला असतो, आणि त्या फाइलमध्ये ज्या कार्डाचे नाव असेल त्याच्याकडे नेटवर्क मॅनेजर पाहतच नाही. फाइलमध्ये ‘एलओ’च्या (यंत्राच्या स्वतःशीच असलेल्या जोडणीच्या) दोन ओळी ठेवल्या, कार्डाच्या ओळी पुसल्या, रीबूट केले, चिन्ह आले.

तरी वडिलांच्या मोबाईलचा हॉटस्पॉट यादीत येईना. कार्ड अथेरॉस एआर९२८५, ते फक्त २.४ गिगाहर्ट्झ जाणते, आणि मोबाईलचा हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर होता. मोबाईलच्या सेटिंगमध्ये बँड २.४ केला, सुरक्षा डब्ल्यूपीए२ ठेवली. हे कार्ड निदान वेगळ्या फर्मवेअरशिवाय चालते. काही जुन्या ब्रॉडकॉम कार्डांना फर्मवेअर उतरवून द्यावे लागते, आणि तेव्हा मोबाईलचे यूएसबी टेदरिंग कामी येते. केबल जोडली की लिनक्सला ते साधे तारेचे नेटवर्क दिसते.

तारखेचा त्रास इथेच झाला. प्लग निघाला होता, तारीख मागे पडलेली, आणि ‘एपीटी’ म्हणू लागले की रिलीज फाइल अजून वैध झालेली नाही. ब्राउझरमध्येही प्रत्येक सुरक्षित स्थळावर प्रमाणपत्राची चूक. लोक अशा वेळी ‘तरीही पुढे जा’ दाबत राहतात. ते करू नये. ‘डेट’ आज्ञेने तारीख हाताने बसवली. पुढे वेळ जुळवणारी सेवा नेटवर्क आले की स्वतःच तारीख ठीक करते. सेल तारेला जोडलेल्या प्रकारचा आहे, तो बदलायचा आहे.

दोन जीबीत श्वास घ्यायला जागा

डेबियन १३ च्या नव्या इन्स्टॉलमध्ये ‘टीएमपी’ फोल्डर रॅममध्ये राहतो आणि अर्ध्या रॅमपर्यंत वाढू शकतो. मोठ्या यंत्रात ते चांगले, इथे नाही: स्कॅन केलेल्या पानांची पीडीएफ उघडून छापायला दिली की तात्पुरत्या फाइली सरळ रॅममध्ये बसतात. ‘सिस्टमसीटीएल मास्क’ करून ‘टीएमपी डॉट माउंट’ बंद केले, म्हणजे तो फोल्डर एसएसडीवर आला.

झेडरॅम-टूल्स घेतले. हे रॅमचाच एक भाग दाबून साठवणारा स्वॅप बनवते. न वापरातला टॅब डिस्कवर न जाता रॅममध्येच घडी होऊन पडतो. टक्केवारी ५०, आणि दाबण्याची पद्धत एलझेड४. झेडएसटीडी जास्त दाबते, पण ॲटमचा जीव लहान, त्याला एलझेड४च झेपते. झेडरॅमचा क्रम एसएसडीवरच्या स्वॅपच्या वर असतो, त्यामुळे एसएसडीची पाळी शेवटी येते. स्वॅपिनेस, म्हणजे स्वॅप किती लवकर वापरायचा तो आकडा, १०० केले. हा आकडा जुन्या सवयीने ‘सिसीटीएल डॉट कॉन्फ’मध्ये लिहिला तर डेबियन १३ तो वाचतच नाही, ‘सिसीटीएल डॉट डी’ फोल्डरात नवी फाइल करावी लागते. नेटवरचे जुने सल्ले इथे फसवतात.

एवढे करूनही महाडीबीटीवर कागद चढवताना एकदा यंत्र पूर्ण गोठले. माउस हलेना, दहा मिनिटे नुसता डिस्कचा दिवा. यावर उपाय अर्लीओओएम. मोकळी रॅम आणि मोकळा स्वॅप दोन्ही १० टक्क्यांखाली गेले की ते सगळ्यात जास्त खाणारी प्रक्रिया बंद करते, बहुधा एखादा टॅब. टॅब गेलेला परवडतो. यंत्र गोठले म्हणून प्लग ओढायची पाळी येते ती परवडत नाही.

फायरफॉक्समध्ये यूब्लॉक ओरिजिन, गुळगुळीत स्क्रोल बंद, पानांचा झूम ८० टक्के, वरची पट्टी आटोपशीर पद्धतीची. एलएक्सक्यूटीची पट्टी खालून काढून डाव्या कडेला उभी केली. ६०० पिक्सेल उंचीच्या पडद्यावर आडवी पट्टी म्हणजे शीटच्या दोन ओळींची चोरी. कोणता टॅब किती खातो ते ‘अबाउट:प्रोसेसेस’ या पत्त्यावर दिसते, ते मुलीला दाखवून ठेवले. यूट्यूब व्हीपी९ किंवा एव्ही१ या व्हिडिओ दाबण्याच्या नव्या पद्धतींत व्हिडिओ पाठवू लागले की हा प्रोसेसर अडखळतो, म्हणून एच.२६४ मागणारे ॲडऑन लावले आणि दर्जा ३६०पी. फळ्यावरचे अक्षर वाचता येते, तेवढे पुरे.

मराठी

हा भाग हलक्या लिनक्सच्या सल्ल्यांत नेहमी उरकला जातो, आणि घरात मात्र सगळ्यात आधी इथेच अडते.

टायपिंगसाठी आयबस किंवा एफसीआयटीएक्स हे भाषा-टायपिंगचे प्रोग्रॅम बसवायला सांगतात. त्यांच्या एम१७एन या मांडण्यांच्या संचात मराठीचे मिंग्लिश, गमभन असे मांडणीचे प्रकार मिळतात, रोमनमधून लिहिणाऱ्याला ते हवेच. पण ती सेवा सतत मागे चालू राहते. ज्यांना इनस्क्रिप्ट येते त्यांना तिची गरज नाही. एलएक्सक्यूटीच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये भारतीय मांडणी जोडली, ऑल्ट-शिफ्टने बदल, झाले. रॅम जवळपास शून्य. मुलीसाठी त्याच यादीतली मराठी कगप मांडणी दिली, ती उच्चारावर चालते.

एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी. अर्जात ‘शेतकऱ्याचे’ लिहिताना तो ‘र’ चंद्रकोरीसारखा यायला हवा. साधा र, हलन्त, य असे टाकले तर ‘शेतकर्याचे’ होते, रफार वर चढतो. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्टसह जे दाबले की नुक्त्याचा ऱ येतो, मग डी म्हणजे हलन्त, मग स्लॅश म्हणजे य. आणि ‘ळ’ शिफ्टसह एनवर. कीबोर्डच्या कडेला एवढ्या दोन खुणांची चिठ्ठी चिकटवली.

फॉन्टसाठी ‘फॉन्ट्स-देवा’ आणि नोटोचा मूळ संच. लिबरऑफिसमध्ये साधने, पर्याय, भाषा या वाटेने जाऊन जटिल लिपी चालू केली आणि तिथे मराठी निवडले. देवनागरीसाठीचा फॉन्ट लिबरऑफिस वेगळ्या कप्प्यात ठेवते. शैलीत फॉन्ट बदलला तरी अक्षर तसेच राहिले अशी तक्रार येते ती याचमुळे.

श्री-लिपीचे जुने फॉन्ट घरच्या ‘लोकल शेअर’मधल्या फॉन्टच्या फोल्डरात टाकले, फॉन्टची यादी ताजी करणारे ‘एफसी-कॅश’ चालवले, आणि जुनी पत्रे वाचता आली. पण तो मजकूर युनिकोड नाही. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले आहेत, त्यामुळे शोधता येत नाही आणि दुसरीकडे चिकटवला की कचरा. ज्या चार-पाच अर्जांचे नमुने पुन्हा लागणार होते तेवढे युनिकोडमध्ये बदलून, एकदा डोळ्यांखालून घालून, साठवले. बाकीची पत्रे पीडीएफ करून ठेवली.

छपाई आणि सातबारा

घरात एचपी लेझरजेट १०२०. या प्रिंटरच्या पोटात फर्मवेअर टिकत नाही. प्रत्येक वेळी चालू झाल्यावर संगणकाने ते द्यावे लागते. एचपीलिप (एचपीच्या प्रिंटरांचे लिनक्सवरचे सॉफ्टवेअर) घेऊन ‘एचपी-प्लगइन’ आज्ञेने त्याचा भाग उतरवला की काम आपोआप होते. वीज जाऊन आली की प्रिंटर ते विसरतो. तेव्हा केबल काढून पुन्हा लावायची.

डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्यावर क्यूपीडीएफव्ह्यू हिरवी खूण दाखवत नाही. घरच्यांना वाटले उतारा खोटा आला. ‘पीडीएफसिग’ आज्ञेने फाइलमधली स्वाक्षरी तपासता येते, आणि ज्याला कागद द्यायचा तो उताऱ्यावरच्या पडताळणी क्रमांकाने खात्री करू शकतो. स्वाक्षरी छापील कागदावर नव्हे, फाइलमध्ये असते. म्हणून फाइल जपून ठेवावी.

आता रोज कसे चालते

बटण दाबल्यापासून मिनिटभरात डेस्कटॉप येतो. कॅल्क पहिल्यांदा उघडायला दहा-पंधरा सेकंद, नंतर तीनशे ओळींच्या शीटमध्ये अडथळा नाही. काढणीपूर्व कालावधीचा रकाना फवारणीच्या तारखेत दिवस मिळवून कोणत्या तारखेआधी माल तोडू नये ते दाखवतो. ती तारीख उलटेपर्यंत रकाना लाल राहतो. महाडीबीटी उघडते, पण त्या वेळी बाकी सगळे बंद ठेवावे लागते आणि कागदाचा फोटो चढवण्याआधी मोबाईलवरच लहान करून घ्यावा लागतो.

झाकण लावले की यंत्र झोपी जात असे आणि वीज गेली की उघडे काम जाई. म्हणून लॉगिन सेवेच्या सेटिंगमध्ये झाकणाचा परिणाम काहीच नाही असा केला आणि कॅल्कचे आपोआप साठवणे पाच मिनिटांवर आणले. आठवड्यातून एकदा अपडेट, हाताने, यंत्र मोकळे असताना. रविवारी शीटची प्रत पेन ड्राइव्हवर जाते.

नेटबुकची जागा मात्र बदलली. शेडमधले कपाट बंद. आता ते माजघरातल्या फडताळात, आणि धुरी चालू असते त्या दिवसांत पिशवीत गुंडाळून, आत सिलिका जेलची पुडी टाकून.